चिठ्ठी बंद, आवाज चालू

दस्तगीरच्या नंबरावरून व्हॉइस मेसेज आला तेव्हा मी दाढी करत होतो. सकाळचे सात वाजले असतील. पडद्यावर त्याचा फोटो आणि खाली अकरा सेकंदांची पट्टी. मी म्हटलं, अकरा सेकंद? ह्या माणसाचा नुसता घसा खाकरण्यातच तेवढा वेळ जातो. त्याचे निरोप तीन-चार मिनिटांचे असत. त्यात मधेच चहावाल्याशी बोलणं, एखाद्या गड्याला शिवी, ट्रकचा हॉर्न असं सगळं येई आणि मूळ मुद्दा शेवटच्या पाच सेकंदांत उरकलेला असे. म्हणून मी आधी दाढी आटपली, चहा घेतला आणि मग सावकाश पट्टीवर बोट ठेवलं. आवाज शबानाचा होता, त्याच्या मुलीचा. "काका, अब्बा गेले. फजरची नमाज झाली, ओट्यावर येऊन बसले, आन् गेले... तुमी या." तोंडात अजून चहाची चव होती आणि मित्र गेलेला होता. मधल्या त्या वीस मिनिटांबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. दस्तगीर असता तर म्हणाला असता, "बरं केलंस, चा तरी नीट प्यालास." ह्या गोष्टीला आज चाळीस दिवस झाले. त्या घरातून निरोप कधी अक्षरांत येत नाही, आनंदाचा नाही आणि दुःखाचाही नाही. तो का येत नाही, तेच आज सांगायचं आहे.

परंडा आणि आसपासच्या गावांत गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ज्यांच्या डोक्यावर अक्षता पडल्या, त्यातल्या पुष्कळांना दस्तगीर आतार हे नाव माहीत नसलं तरी आवाज माहीत असेल. मांडव त्याचा, कनाती त्याच्या, भोंगे त्याचे आणि माईकवर बोलणाराही तोच. आमच्याकडचं लग्न म्हणजे निम्मे विधी आणि निम्मा माईक. मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं इथपासून जेवल्याशिवाय कुणी जाऊ नये इथपर्यंत सगळा कारभार माईकवरून चालतो, आणि त्यातलं सगळ्यात नाजूक काम म्हणजे पाहुण्यांचं स्वागत. कोण आलं, त्याचं नाव, गाव, हुद्दा अशी चिठ्ठी यजमानांकडून येते. तंबाखूच्या पुडीच्या कागदावर येते, पत्रिकेच्या फाटक्या कोपऱ्यावर येते, एकदा तर एकानं तळहातावरच लिहून आणलं होतं. निवेदकानं ती वाचायची, मानाप्रमाणं नावं लावायची आणि पुकारायची. आजी चेअरमनच्या आधी माजी चेअरमनचं नाव घेतलं म्हणून न जेवता निघून गेलेले पाहुणे मी डोळ्यांनी पाहिले आहेत. असलं हे काम दस्तगीरनं पंचवीस वर्षं केलं, नाव कमावलं, आणि त्याला वाचता येत नव्हतं.

शाळेत गेला नव्हता असं नाही. सात वर्षं माझ्याच बाकावर होता. पहिलीत मिळालेली जागा त्यानं सातवीपर्यंत सोडली नाही. डोकं असं की मी एकदा धडा मोठ्यानं वाचला की ह्याला तो तोंडपाठ. एकदा तपासणीला साहेब आले. दस्तगीर उभा राहिला आणि त्यानं धडा असा काही खणखणीत म्हणून दाखवला की साहेबांनी मान डोलावली. गुरुजी कौतुकानं जवळ गेले आणि पाहतात तो पुस्तक भलत्याच पानावर उघडलेलं! साहेब गेल्यावर छडी मोडेपर्यंत मार बसला. वाचता येत नाही म्हणून नव्हे, फसवलं म्हणून. त्या संध्याकाळी किल्ल्याच्या खंदकाशी बसून मी त्याला विचारलं होतं, नक्की होतं काय तुला? तो म्हणाला, "सुद्या, एकेकटं अक्षर भेटलं तर रामराम घालतंय रं. चारजण मिळून आले की कुणीच वळख दाखवत न्हाय." मी हसलो. पुढं मी त्याच शाळांमधला शिक्षक झालो, मराठीच शिकवलं, आणि तरी त्या वाक्याचा अर्थ मला कळायला चाळीस वर्षं लागली. ह्याला काय म्हणावं ते वाचकांनीच ठरवावं.

सातवीनंतर त्यानं वडिलांच्या भोंग्यांच्या धंद्यात हात घातला. पुढं बऱ्याच वर्षांनी माईक हातात आला आणि माणूस उजळला. तेव्हापासून आमची जोडी ठरून गेली. लग्नाच्या दिवशी सकाळी मी त्याच्याकडं जायचो आणि पत्रिका पहिल्या ओळीपासून शेवटच्या नावापर्यंत वाचून दाखवायचो. एकदा ऐकलं की त्याच्या डोक्यात ते कायमचं बसे. नंतर मांडवात मी त्याच्या उजव्या खांद्यामागं उभा. चिठ्ठी आली की तो खिशातून एक काडी तुटलेला चष्मा काढायचा, कपाळाला आठ्या घालायचा, "च्यायला, ह्यो चष्मा" असं पुटपुटायचा आणि चिठ्ठी मागं सरकवायचा. मी हळूच वाचायचो, तो मोठ्यानं पुकारायचा. हे गुपित त्याच्या बायकोला, जैनबीला माहीत होतं आणि मला. रविवार, सुट्ट्या, सगळे मुहूर्त मी त्याला दिले. खरं सांगायचं तर त्यात मैत्री जेवढी होती तेवढीच ऐट होती. माझ्यावाचून ह्याचं पान हलत नाही, ही भावना मला फार आवडायची.

सीना नदीकाठच्या एका गावातल्या सुमनबाईंना तीन मुली. थोरलीच्या लग्नात मुलीचे मामा म्हणून भागवतरावांना दस्तगीरनंच पुकारलं होतं. सुमनबाईंचा हा एकुलता भाऊ, उंचापुरा, मोठ्यानं हसणारा, भाचीला बोहल्यावर आणताना स्वतःच रडणारा. काही वर्षांनी मधलीचं लग्न निघालं. त्या सकाळी शाळेत परीक्षेचं काहीतरी काम होतं, मला उशीर झाला, आणि पत्रिकेतली खालची बारीक अक्षरांतली नावं मी गाळली. त्याला म्हटलं, तीच मंडळी आहेत रे, तुला पाठच आहेत. लग्नात ऐन वेळी दस्तगीरला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं माईकवरून माझंच नाव घेतलं. "आमचे परममित्र सुधाकर गुरुजी यांनी पुढं येऊन फेटा बांधून घ्यावा!" गुरुजी दरवेळी मागं उभे असतात, एकदा तरी पुढच्या रांगेत मान मिळावा, एवढंच त्याच्या मनात. मला काय, हवंच होतं. मी जाऊन बसलो. फेटेवाल्यानं एक वेढा दिला, दुसरा दिला... तेवढ्यात मुलीच्या चुलत्यानं दस्तगीरच्या हातात चिठ्ठी दिली आणि तो गर्दीत गेला.

चिठ्ठीत लिहिलं होतं की मुलीचे मामा भागवतराव आठ महिन्यांपूर्वी वारले, तेव्हा चुलतमामांना बोलवावं. दस्तगीरनं चिठ्ठी पाहिली, मान डोलावली आणि मला शोधलं. माझे डोळे फेट्याच्या कापडाखाली होते. भटजी घाई करत होते, मामांना बोलवा, वेळ झाली. ज्या आठवणीनं त्याला पंचवीस वर्षं सांभाळलं होतं तिच्यावर त्यानं भरवसा ठेवला. "मुलीचे मामा श्री. भागवतराव यांनी मुलीला घेऊन बोहल्यावर यावं." कुणी हललं नाही. म्हणून पुन्हा, जास्त गोड आवाजात, "भागवतमामा, या लवकर, भाची वाट बघतीय."

बायकांच्या बाजूनं जो हंबरडा आला तो मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. सुमनबाई मटकन खाली बसल्या होत्या. नवरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मुंडावळ्या चिकटून बसल्या होत्या. चुलत्यानं माईक हिसकावून घेतला. कुणी म्हणालं प्यालाय, कुणी म्हणालं माजलाय. चिठ्ठी हातात दिली होती, वाचायला काय झालं होतं? दस्तगीर सुमनबाईंपुढं जाऊन हात जोडून उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "चुकलं अक्का." त्यांनी तोंड फिरवलं. का चुकलं ते त्यानं सांगितलं नाही आणि डोक्यावर अर्धा फेटा घेऊन मागं उभ्या असलेल्या मीही सांगितलं नाही. सात वर्षं शाळेत जाऊन वाचता येत नाही असं म्हणवून घेण्यापेक्षा त्याला बेपर्वा म्हणवून घेणं सोपं वाटलं. त्या दिवसापासून त्यानं माईक सोडला. मांडवाचा धंदा चालू ठेवला, पण बोलायला बार्शीहून एक तरुण निवेदक बोलवायचा आणि स्वतः ट्रकपाशी उभा राहायचा. बाकी लोक त्याला विसरतील न विसरतील, पण तो माईकशिवाय दिवसेंदिवस लहान होत चालला होता आणि ते मला दिसत होतं.

त्यानंतर दोनेक वर्षांनी, नोकरीच्या शेवटच्या वर्षी, आम्हा शिक्षकांना एका प्रशिक्षणाला बसवलं. एरवी अशा ठिकाणी मी मागच्या रांगेत बसून डुलक्या घेतो. पण बाईंनी डिस्लेक्सियाबद्दल सांगायला सुरुवात केली आणि माझी झोप उडाली. मूल हुशार असतं, ऐकलेलं सगळं लक्षात राहतं, तोंडी उत्तर बरोबर देतं, पण छापील ओळ समोर आली की अडतं. मंद नसतं, आळशी नसतं, लबाड तर मुळीच नसतं. एकेक वाक्य ऐकताना मला खंदकाशी बसलेला दस्तगीर दिसत होता. आणि त्याच्यामागं माझ्या वर्गातली, मी 'ढ' म्हणून मागच्या बाकावर पाठवलेली पोरं दिसत होती. मला लाज वाटली, आणि ती अजून वाटते. प्रशिक्षण संपताच तडक त्याच्याकडं गेलो आणि सांगितलं, तुझ्यात खोट नाही, ह्याला नाव आहे, डिस्लेक्सिया. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "नाव लई भारी हाय. कागदावर लिहून दे, म्हंजी मला वाचता यायचं न्हाय." दोन वर्षांत पहिल्यांदा तो हसला होता.

पण नाव कळून काय होतं? वाट शबानानं काढली. ती तहसीलजवळ सेवा केंद्र चालवते, दिवसभर लोकांचे अर्ज आणि दाखले करते. मी न राहवून तिला सगळं सांगितलं. तिनं समोरचा अर्ज बाजूला ठेवला. मग म्हणाली, "काका, अब्बांनी मला लहानपणी रोज गोष्ट सांगितली, पुस्तकातून कदी वाचली न्हाई... आता कळलं." दुसऱ्या दिवशी तिनं बापाच्या फोनमध्ये एक सोय करून दिली. फोनचा कॅमेरा छापील मजकुरावर धरायचा, की फोन ते मराठीत वाचून दाखवतो. आवाज यंत्राचा, भटजी पंचांग वाचतात तसा सपाट, पण वाचतो. दस्तगीर मला घेऊन बाजारातून निघाला. दुकानांच्या पाट्या, मिठाच्या पुड्या, औषधाची बाटली, स्टँडवरच्या कुर्डुवाडीच्या बसची पाटी. आयुष्यभर ही बस तो ड्रायव्हर ओळखून पकडत आला होता. स्टँडच्या भिंतीपाशी थांबून त्यानं फोन वर धरला. फोन म्हणाला, 'येथे थुंकू नये.' दस्तगीर हादरला. "आरं, जलमभर हितंच थुकलो की रं! सांगायचं न्हाय व्हय?" लोक वळून पाहायला लागले. तो पोटभर हसत होता आणि हसता हसता त्यानं डोळे पुसले. मीही पुसले.

कोरोनाच्या काळात मांडव गोडाऊनमध्ये पडून होते. सगळे बसून कंटाळले, दस्तगीर मात्र अभ्यासाला लागला. निरोप बोलून पाठवायला शिकला. बोललेलं फोनकडून अक्षरांत उतरवून घ्यायला शिकला आणि उतरवलेलं परत फोनकडूनच ऐकून तपासायला शिकला. नंबर साठवताना नावाऐवजी माणसाचा फोटो लावायचा. मांडव कुठं टाकायचा तो पत्ता लिहून घेणं बंद झालं, त्या जागेचं लोकेशन मागवायचं. औषधांची वेळ फोनच सांगायचा, तीही जैनबीच्या आवाजात, "गोळी घ्या की आता." मी त्याच्याकडं जायचो तेव्हा मला शिकवायला उत्साहानं पुढं सरकायचा, आणि मी मराठीचा निवृत्त शिक्षक, मला ते पटकन जमायचं नाही. "असू दे," तो म्हणायचा, "तुझं बी व्हईल हळूहळू. ढ असलास तरी कष्टाळू हायस."

अडचण एकच राहिली, हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्या. छापील ओळ फोन घडाघडा वाचे, पण हस्ताक्षर दिसलं की काहीच्या बाही बोले. आम्ही माझ्या अक्षरात एक चिठ्ठी लिहून पाहिली. माझं अक्षर म्हणजे जिल्ह्यात बक्षिसं मिळवलेलं. फोननं त्यातून असे काही शब्द काढले की शबाना उठून आत गेली. दस्तगीरला मात्र हर्षवायू व्हायचा बाकी होता. "सुद्या, तुझं अक्षर बी नापास!" त्या हसण्यातूनच त्याला उपाय सुचला. चिठ्ठी घ्यायचीच कशाला? ज्याला नाव पुकारून हवं त्यानं ते स्वतः बोलून पाठवावं. नाव, गाव, हुद्दा, सगळं. मानाप्रमाणं क्रम यजमानांनी लावून द्यावा. फोनचं ऐकायचं यंत्र कानात घालून तो एक नाव ऐकणार, एक नाव पुकारणार. "चिठ्ठी बंद, आवाज चालू!" असं त्यानं जाहीरच करून टाकलं. मी म्हटलं, लोक हसतील. तो म्हणाला, "हसू देत. आपलं आपण करायचं हाय मला. तू मागं हुबा ऱ्हायलास तर त्ये तुझं, माझं न्हवं." हे वाक्य मला लागलं. चांगलंच लागलं. चार दिवस मी त्याच्याकडं फिरकलो नाही.

पाचव्या दिवशी तोच आला. सुमनबाईंच्या धाकटीचं लग्न ठरलं होतं, मांडव त्याच्याकडंच सांगितला होता, माईकवर मात्र दुसरा. "चल," म्हणाला, "त्या बाईला खरं सांगायचं हाय. त्याबिगर म्या माईक हातात धरायचा न्हाय." मी वाटेत त्याला परोपरीनं समजावलं. झालं गेलं, जखम कशाला उकरतोस, आणि धंद्याचं काय? जो माणूस तीस वर्षं मांडव उभारतो त्याला वाचता येत नाही हे तालुकाभर झालं तर? तो ऐकायला तयार नव्हता. सुमनबाई ओसरीवर शेंगा निवडत होत्या. आम्हाला पाहून त्यांनी मान वर केली नाही. दस्तगीर समोर खाली बसला. "अक्का, त्या दिशी चिठ्ठी माझ्या हातात हुती. मला वाचता आली न्हाय. मला वाचताच येत न्हाय." त्यांचा हात सुपात थांबला. त्यांनी विचारलं, "साळंत गेला न्हवता का?" "गेलतो की. सात वर्सं." "मग काय केलं थितं?" "मार खाल्ला." सुमनबाईंनी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी गुरुजी आहे हे त्यांना माहीत होतं. मी खाली पाहिलं.

मग त्यांनी विचारलं, आता कसं करता? दस्तगीरनं धाकटीची पत्रिका मागितली आणि तिच्यावर फोन धरला. त्या सपाट आवाजात एकेक नाव येत गेलं, आणि मधे 'कैलासवासी भागवतराव' हेही तसंच, मिठाच्या पुडीवरचा मजकूर वाचावा तसं येऊन गेलं.  सुमनबाई उठल्या आणि आत गेल्या. चहा आला नाही. आमच्याकडं चहा न येणं म्हणजे काय ते सांगायला नको. परतीच्या वाटेवर दस्तगीर म्हणाला, "माईक गेला तर गेला. पर आज छातीवरनं धोंडा उतारला बघ." मला मात्र वाटलं, संपलं. हा आता कधीच बोलायला उभा राहणार नाही.

लग्नाला तीन दिवस उरले असताना तो भर दुपारी धापा टाकत माझ्या दारात आला. त्यानं नुसता फोन पुढं केला. सुमनबाईंचा आवाज होता. त्या तो निरोप थांबत थांबत, फोन तोंडाच्या फार जवळ धरून बोलल्या होत्या. "दस्तगीरभाऊ... माईकवर तुमीच बोला. आन् मामाला बोलवायच्या टायमाला माझ्या भावाचं नाव घ्या. तवा चुकून घेतलं. आता मुद्दाम घ्या."

त्या दिवशी मांडव भरून गेला होता आणि अर्धे लोक दस्तगीर पुन्हा काय घोटाळा करतो ते पाहायलाच आल्यासारखे बसले होते. त्याच्या एका कानात यंत्र. मी लांब, खांबाशी.  त्यानं स्वागताला सुरुवात केली. नाव ऐकायचं, क्षणभर थांबायचं, पुकारायचं. त्या थांबण्यानं बोलण्याला असा काही भारदस्तपणा आला की लोकांना ती नवी ढबच वाटली. एकाचाही मान चुकला नाही. मग भटजींनी खूण केली. दस्तगीरनं कानातलं यंत्र काढलं आणि खिशात टाकलं.  "मंडळी," तो म्हणाला, "ह्याच घरच्या लग्नात म्या एकदा चुकलो. कुणी म्हणलं प्यालाय. म्या पीत न्हाय. कुणी म्हणलं माजलाय. तसंबी न्हाय. मला वाचता येत न्हाय. अक्षरं माझ्या डोळ्यांम्होरं थांबत न्हाईत. आजपत्तुर चोरून ठिवलं, आज सांगतो. आता फोन वाचतो आन् म्या बोलतो, आन् त्यात लाज वाटायसारखं काय बी न्हाय." मग तो सुमनबाईंकडं वळला. "आन् आता अक्कांच्या शब्दावरनं पुकारतो. मुलीचे मामा कैलासवासी भागवतराव यांच्या नावानं, त्यांच्या चुलतभावांनी मुलीला घेऊन बोहल्यावर यावं." सुमनबाई उभ्या राहिल्या, पदर नीट केला आणि मुलगी येईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. रडत मी होतो.

जेवणं झाली तरी चार-पाच माणसं रेंगाळत होती. कुणाला फोन कुठला ते विचारायचं होतं, कुणाला वाचताना अडणाऱ्या आपल्या मुलाबद्दल. त्यातच एक पंचायत समितीचे माजी सदस्य, कायम चष्मा घरी विसरणारे. त्यांनी दस्तगीरला बाजूला घेतलं आणि कानात काहीतरी सांगितलं. पुढं बाजारच्या दिवशी सेवा केंद्राच्या बाकावर दस्तगीरची शाळाच भरू लागली. ज्याला अक्षर अडतं त्यानं यायचं, पाटी-पेन्सिल आणायची नाही, फोन आणायचा. एकदा तिथं माझी जुनी विद्यार्थिनी आली. मी तिला सबंध वर्गासमोर ओणवं उभं केलं होतं, हे ती विसरली नव्हती आणि मीही नाही. मला पाहून ती दारातूनच मागं फिरली. मी मागं गेलो आणि रस्त्यावर, लोकांदेखत म्हणालो, बाई, माझं चुकलं. ती आत येऊन बसली. दस्तगीरनं तिला शिकवलं, मी तिघांसाठी चहा आणला. मला त्या शाळेत तेवढंच काम होतं आणि ते मी मन लावून केलं.

आज त्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला घरी गेलो. जेवणं झाल्यावर शबाना म्हणाली, "काका, गोडाऊनला चला, एक दावायचंय." तिथं उद्याच्या लग्नासाठी गडी ट्रक भरत होते. प्रत्येक गठ्ठ्यावर, पेटीवर, बांबूच्या जुडीवर एक चौकोनी स्टिकर, दुकानात पैसे देताना स्कॅन करतो तसलं. एका गड्यानं कनातीच्या गठ्ठ्यावर फोन धरला आणि गोडाऊनमध्ये दस्तगीर बोलला, "ह्या लाल कनाती, बारा हायत. मोजून न्या आन् मोजून आणा. वल्ल्या असल्या तर घडी घालू नगा, मागल्या बारीला घातली तुमच्या..." पुढची शिवी इथं देत नाही. गडी सवयीनं फोनलाच "व्हय भाई" म्हणाला. शबाना सांगत होती, गेल्या वर्षभर अब्बा एकटेच इथं बसून बोलायचे, आम्हाला वाटायचं कुणाला तरी फोन लावलाय. स्टिकर तिनं काढून दिले, आवाज सगळे त्याचे. गोडाऊनमधली एकही वस्तू त्यानं मुकी ठेवली नव्हती.

कोपऱ्यात घडीची एक लोखंडी खुर्ची होती. तिच्या पाठीलाही स्टिकर. मी माझा फोन काढला, शबानानं मला तो कसा धरायचा ते दाखवलं. आधी घसा खाकरल्याचा आवाज, चांगला अकरा सेकंद असेल. मग, "ही सुद्याची खुर्ची. माईकच्या उजव्या अंगाला ठिवायची. गुरजी आता वाचायला लागत न्हाईत, पर शेजारी बसायला लागत्यात. हिला भाड्यानं देऊ नगा."

तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. धाकटीच्या लग्नानंतरच्या सगळ्या लग्नांत मला माईकशेजारी बसायला जागा मिळायची, आणि मी समजायचो की लोक निवृत्त गुरुजींचा मान ठेवतात. मी बराच वेळ तिथंच उभा होतो. गडी शहाणे, कुणी मला हाक मारली नाही. उद्या माईकवर शबाना बोलणार आहे, पहिल्यांदाच. तिला वाचता येतं, उत्तम येतं. तरी ती म्हणाली, "काका, तुमी येणार न्हवं?" मी मान हलवली. गड्यांनी खुर्ची ट्रकमध्ये सगळ्यात शेवटी चढवली, म्हणजे उतरवताना ती पहिली निघेल.